रत्नागिरीत नेमकं कोण कोण राहतं? पाय चार्ट काढायच्या आधी थोडं ऐका

तुमचा प्रश्न असा, की अमेरिकेतल्या कुठल्याही छोट्या किनारी शहराची माहिती शोधली तर गोरे इतके टक्के, काळे इतके, हिस्पॅनिक इतके असा तक्ता लगेच समोर येतो, मग रत्नागिरीचा तसा तक्ता का सापडत नाही, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये 'शहराची वांशिक रचना' म्हणून पाय चार्ट काढायचाय तर आकडे कुठून आणायचे. मी शिक्षकी सांभाळत जनगणना, मतदार याद्या आणि नंतर घरोघरच्या सर्व्हेची बरीच कामं या भागात केलीयत, आधी प्रगणक म्हणून आणि मग पर्यवेक्षक म्हणून, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तसा तक्ता नाहीच. आपली जनगणना वंश विचारत नाही. 2011 च्या फॉर्मवर धर्म होता, अनुसूचित जाती किंवा जमातीचे आहात का हे होतं, मातृभाषा होती, जन्म कुठे झाला आणि याआधी कुठे राहत होता हे होतं. बस. सगळ्या जातींची मोजणी शेवटची छापली गेली ती 1931 ची. स्वातंत्र्यानंतर 1951 पासून फक्त अनुसूचित जाती आणि जमाती मोजल्या जातात. 2011 च्या सुमारास सामाजिक-आर्थिक आणि जातवार सर्व्हे वेगळा झाला पण त्यातली जातींची आकडेवारी कधी बाहेरच आली नाही. आता 2027 च्या जनगणनेत जात विचारणार असं सरकारने जाहीर केलंय, त्यामुळे तुमच्या धाकट्या भावंडांना कदाचित हा चार्ट काढता येईल, तुम्हाला आज नाही. तेव्हा कुणी 'रत्नागिरीत भंडारी इतके टक्के, कुणबी तितके' असं दशांश चिन्हासकट छातीठोकपणे सांगत असेल तर समजायचं की निवडणुकीच्या हिशोबातला आकडा आहे, तिकीट मागणाऱ्याने बनवलेला.

वंशाचं खूळ आपल्याकडे इंग्रजांनी आणलं. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त रिस्ले नाकाची लांबी-रुंदी मोजून माणसांचे वंश ठरवत होते. चित्पावनांचे घारे डोळे बघून त्यांचं मूळ इराणपासून इजिप्तपर्यंत कुठे कुठे नेऊन ठेवलं लोकांनी. प्रोजेक्टमध्ये हे घालू नका, परीक्षकाला गंमत वाटेल पण त्यातून शहराबद्दल काही म्हणजे काही कळत नाही.

मग काय कळतं? माझ्या अनुभवात रत्नागिरीची रचना तीन गोष्टींनी कळते: वाडी कुठली, धंदा कुठला आणि महिना कुठला. धर्माचा तक्ता त्यानंतर.

आधी एक साधी गोष्ट, 'रत्नागिरी शहर' म्हणजे किती? 2011 ला नगरपरिषदेच्या हद्दीत 76,229 माणसं होती. पण मारुती मंदिरावरून पुढे साळवी स्टॉप ओलांडून गेलात की नाचणे, शिरगाव, कुवारबाव, मिरजोळे ही सगळी वस्ती शहरासारखीच आहे आणि कागदावर ग्रामपंचायतीत आहे. नोकरीनिमित्त आलेले, बँकवाले, शिक्षक, एमआयडीसीतले कामगार, घाटावरून येऊन स्थायिक झालेले, हे बरेचसे त्या वरच्या सड्यावर (पठारावर) राहतात. खाली बंदराच्या बाजूला जुनं शहर, तिथे जुन्या जाती-जमाती आपापल्या आळीत. म्हणजे फक्त नगरपरिषदेची हद्द धरली तर शहर जास्त 'जुनं' दिसतं आणि आजूबाजूची गावं धरली की एकदम मिसळलेलं. हद्द कुठली धरली ते पहिल्या पानावर लिहा, नाहीतर सगळे आकडे हवेत.

आता माणसं.

भंडारी समाज शहरात मोठा. माडी काढणं हा जुना धंदा, शिवाय आरमारात आणि गलबतांवर होतेच. पतितपावन मंदिर ज्यांनी स्वतःच्या पैशाने बांधून दिलं ते भागोजीशेठ कीर भंडारी समाजातले. सावरकर 1924 ते 1937 रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळात, 1931 ला हे मंदिर सगळ्या जातींना खुलं म्हणून उभं राहिलं. आज त्याचं काही वाटत नाही पण त्या वेळी कुठल्या देवळात कोण कुठपर्यंत जाऊ शकतो हीच शहराची खरी वांशिक रचना होती असं म्हटलं तरी चालेल.

कुणबी जिल्ह्यात गावोगाव, शहरात त्या मानाने कमी दिसायचे, आता शिक्षण-नोकरीमुळे वाढलेत. त्यांचा इतिहास समजायचा तर खोती समजून घ्या. खोत म्हणजे गावाचा सारा गोळा करणारा, आणि कुळं बहुतेक कुणबी आणि महार. खोत मात्र ब्राह्मण होते, मराठे होते आणि मुसलमानही होते, हे लोक विसरतात. बाबासाहेबांनी 1937 ला मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, कायदा झाला तो 1949 ला. दुसरं म्हणजे मराठवाड्यात-विदर्भात 'कुणबी आणि मराठा एकच' हे जे ऐकता ते इथे लावू नका, कोकणात कुणबी वेगळा आणि मराठा वेगळा, दोघांनाही विचारा, दोघंही हेच सांगतील.

ब्राह्मणांत चित्पावन, कऱ्हाडे, देवरुखे. टिळक इथेच जन्मले, 1856 ला, टिळक आळीत घर आहे ते बघून या. ब्राह्मणांची संख्या आता कमी झालीय, आळीत बरीच घरं बंद, मुलं पुण्या-मुंबईत किंवा बाहेरदेशी. वैश्य वाणी, तेली, गुरव, सुतार, दैवज्ञ सोनार, नाभिक हे सगळे आहेत, प्रत्येकावर लिहीत बसलो तर रात्र होईल.

मुसलमानांवर मात्र थांबतो, कारण बाहेरून येणारे इथेच हमखास घोळ घालतात. तक्त्यात 'मुस्लिम' असा एक रकाना असतो आणि माणूस समजतो की ही एक जमात आहे. जिल्ह्यात ते अकरा-बारा टक्क्यांच्या आसपास आहेत, शहरात हे प्रमाण बरंच जास्त. पण यात कोकणी मुसलमान वेगळे. अरबी समुद्राच्या व्यापाराशी जोडलेला हा समाज, अल मसुदी हा अरब प्रवासी दहाव्या शतकात आजच्या रायगड जिल्ह्यातल्या चौलच्या बंदरात आला तेव्हा तिथे मुसलमानांची मोठी वस्ती असल्याचं त्याने लिहिलंय, म्हणजे दिल्लीत सुलतान बसायच्या कितीतरी आधी. हे शाफई पंथाचे, आणि देशावरून किंवा उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी. शिवाय कोकणी मुसलमानांतही जमीनजुमला असलेली, काझी-खोत घराणी एकीकडे आणि मासेमारी करणारे दालदी एकीकडे, पूर्वी यांच्यात सोयरीक सहसा होत नसे. राजिवडा, मिरकरवाडा हे दर्यावर जगणारे मोहल्ले, वर कोकणनगरला गेलात की घरांवरून आखाती नोकऱ्या ओळखू येतात. आणि हे बाहेर जाणं आखातापासून सुरू झालेलं नाही, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून रत्नागिरी जिल्ह्यातली ही माणसं केपटाऊनला जात होती, तिथे आजही 'कोकनी' म्हणून समाज आहे आणि पारकर आडनावाचं तिकडे 'पार्कर' झालंय.

आडनावावरून जात-धर्म ओळखायचा प्रयत्न कृपा करून करू नका. दळवी, पारकर, खोत, देसाई, सुर्वे, चौगुले, नाईक ही आडनावं हिंदूत पण आहेत आणि मुसलमानांत पण. जाधव, पवार, मोहिते, सावंत हे मराठाही असतात आणि बौद्धही. एका पोराने मतदार यादीवरून आडनावं मोजून जातीचा तक्ता केलेला मला दाखवला होता, पहिल्या नावाकडे न बघता, म्हटलं बाळा हे सगळं फाडून टाक.

मातृभाषेचा रकाना तर अजून फसवा. राजिवड्यात एका घरी फॉर्म भरताना, आजी दारात बसून कोलंबी सोलत होत्या, सून आत, माझ्याशी बोलणं सगळं कोकणी मुसलमानांच्या बोलीत, जी तुम्हाला-मला न थांबता कळते. मातृभाषा काय लिहू म्हटल्यावर सून म्हणाली उर्दू लिहा, पोरं उर्दू शाळेत जातात. आजी म्हणाल्या, "उर्दू माझ्या बापाला येत नव्हती, मराठी लिव." आतून मुलगा ओरडला कोकणी लिहा. नियम असा की माणूस जे सांगेल ते लिहायचं, आपलं शहाणपण चालवायचं नाही, तर मी प्रत्येकाच्या ओळीत ज्याने त्याने सांगितलं ते लिहिलं. एका चुलीवर जेवणारी माणसं आणि तक्त्यात तीन भाषिक गट. तेव्हा भाषेच्या तक्त्यात उर्दू भाषिक इतके दिसले म्हणून ते सगळे उत्तरेकडून आले असा निष्कर्ष काढलात तर फसलात.

असाच दुसरा चकवा बौद्धांचा. जिल्ह्यात बौद्ध सात टक्क्यांच्या आसपास आणि अनुसूचित जाती मात्र चार टक्क्यांच्या आसपास. नवीन माणूस बघतो आणि म्हणतो छपाईची चूक आहे. चूक नाही. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा 1990 च्या दुरुस्तीने मिळाला, पण घरोघरी काय होतं, धर्म बौद्ध असं ठणकावून सांगतात आणि जात विचारली की म्हणतात आम्ही 56 ला जात सोडली, लिहू नका. मग प्रगणक 'अनुसूचित जाती-जमातीत नाही' असा कोड टाकतो. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, दापोलीला लष्करातून निवृत्त झालेल्या महार पेन्शनरांची वस्ती होती, शिक्षण आणि चळवळ इथे लवकर रुजली, बौद्धजन पंचायत समिती या बौद्ध समाजाच्या संघटनेच्या शाखा गावोगाव आहेत, त्यामुळे हे उत्तर इथे ठाम येतं. म्हणून सांगतो, दलित लोकसंख्या म्हणून अनुसूचित जातीचा आकडा वापरू नका आणि दोन्ही आकड्यांची बेरीज तर मुळीच करू नका, काही माणसं दोन्हीकडे मोजली गेलीयत आणि काही एकीकडेच.

हिंदू मच्छीमारांबद्दल थोडक्यात. किनाऱ्यावर वरून खाली येताना साधारण असं दिसतं की दापोली-हर्णैकडे कोळी, गुहागरपासून राजापूरपर्यंत खारवी, आणि पुढे देवगड-मालवणला गाबीत. सरमिसळ आहेच, पण 'कोकणातले कोळी' म्हणून सगळ्यांना एका टोपलीत भरू नका, खारव्याला कोळी म्हटलेलं आवडत नाही.

आता महिना. हा मुद्दा कुठल्याच प्रोजेक्टमध्ये मला दिसत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी अशी झाली. त्या काळात जो जिथे राहत होता तो तिथे मोजला, देश कुठला हे बघितलं नाही. फेब्रुवारीत रत्नागिरीत काय असतं? आंब्याचा मोहोर-फळधारणा, कलमबागांत फवारणी आणि राखण जोरात. ही राखण करायला नेपाळची माणसं असतात, कुटुंबासकट, पावसाळा संपला की येतात आणि आंबा उतरला की जातात. लोक त्यांना सरसकट 'गुरखे' म्हणतात, पण बागेतल्या खोपीत बसून नावं लिहायला घेतलीत की कळतं, मला भेटलेल्यांत बरेच पश्चिम नेपाळच्या तराईतले थारू होते, आडनाव चौधरी, डोंगरातल्या गुरख्यांशी त्यांचा काही संबंध नाही. एका खोपीत नवरा-बायको, दोन पोरं आणि बाईचा भाऊ, चुलीच्या वर फवारणीचा पंप टांगलेला, मोठी मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला आणि बापाचं हिंदी माझ्या मराठीत भाषांतर तीच करून देत होती, जिल्ह्याचं नाव मात्र बापाला इंग्रजीत लिहिता येत होतं, कैलाली. ही पाच माणसं त्या वर्षीच्या फेब्रुवारीत रत्नागिरी तालुक्याची रहिवासी. जूनमध्ये तुम्ही गेला असतात तर त्या खोपीला कुलूपही नाही, दारच नाही.

मिरकरवाड्यातही तेच. जून-जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या. ऑगस्ट उजाडला की खलाशी यायला लागतात, यातही नेपाळी भरपूर, शिवाय कर्नाटक, उत्तर प्रदेश. मालक आणि तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) इथला, मुसलमान किंवा खारवी किंवा भंडारी, आणि जाळं ओढणारे हात बाहेरचे. पूर्वी हेच काम वाडीतली पोरं करायची, ती आता आखातात किंवा मुंबईत. हे खलाशी बोटीवरच झोपतात, बोटीवरच जेवतात. 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी असते तेव्हा जेटीवर जाऊन जे सापडतील ते लिहायचे. जे समुद्रात होते ते होते.

आणि उलट बाजू. चाकरमानी, म्हणजे नोकरीसाठी मुंबईत राहणारा इथला माणूस, फेब्रुवारीत मुंबईत मोजला जातो. जिल्ह्यात 2011 ला दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, राज्यात सगळ्यात जास्त, आणि हे काही मुलींच्या जन्माचं कौतुक नाही, पुरुष बाहेर आहेत त्याचा हा हिशोब. जिल्ह्याची लोकसंख्याच 2001 च्या 16,96,777 वरून 2011 ला 16,15,069 वर आली. गणपतीत, शिमग्यात, मे महिन्यात मोजलंत तर वेगळंच शहर. शिमग्यात श्री देव भैरीची पालखी बारा वाड्यांतून फिरते तेव्हा कुठल्या वाडीचा, कुठल्या घराण्याचा काय मान आहे ते नीट बघा आणि म्हाताऱ्यांना विचारा, जुन्या शहराची रचना त्या मानांच्या यादीत जितकी मिळते तितकी कुठल्या सरकारी कागदात मिळत नाही.

बाकी गुजराती-मारवाडी दुकानदार, विजापूर-बागलकोटकडचे बांधकाम मजूर, बिहार-यूपीचे सुतार-रंगारी, बंगाली सोनकारागीर, हे आता कुठल्याही गावात असतात तसे इथेही. कोकण रेल्वे 1998 ला पूर्ण सुरू झाली आणि हे येणं सोपं झालं.

एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही कारण 'वांशिक' शब्द वापरलात म्हणून. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा, इंग्रजांनी 1885 ला गादीवरून काढला आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवला. 1910 ला त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला, 1916 ला तो इथेच वारला, कबर इथेच आहे, 2012 ला म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन ती बघायला आले होते. राजाचं कुटुंब नंतर परत गेलं पण थोरली राजकन्या रत्नागिरीला परतली, इथल्याच एका मराठी माणसापासून झालेली तिची मुलगी टूटू इथेच वाढली, मराठी बोलायची, गरिबीत दिवस काढले आणि 2000 साली वारली. तिची मुलं-नातवंडं इथलीच. आता सांगा, अमेरिकेच्या तक्त्यात यांना कुठल्या रकान्यात बसवाल? आपल्या जनगणनेत धर्म हिंदू, मातृभाषा मराठी, जन्म याच जिल्ह्यात, संपलं. (इरावती कर्वे, ज्यांनी महाराष्ट्रातल्या माणसांची मापं घेऊन अभ्यास केला, त्यांचा जन्म ब्रह्मदेशातला आणि नाव तिथल्या नदीवरून. असो, हे विषयांतर.)

तर तुमच्या प्रोजेक्टला करायचं काय. 2011 च्या जनगणनेचा सी-1 तक्ता काढा, त्यात शहरवार धर्म मिळतो. सी-16 मध्ये मातृभाषा. डी मालिकेत स्थलांतर, जन्मस्थान आणि आधीचं राहण्याचं ठिकाण. अनुसूचित जाती-जमातींचे आकडे जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात. हे चार वेगवेगळे चार्ट काढा, एकात कोंबू नका, आणि प्रत्येकाखाली 'फेब्रुवारी 2011' असं लिहा. जुन्या काळासाठी बॉम्बे गॅझेटियरचा 1880 चा रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड बघा, त्यात जातवार वर्णनं आहेत, भाषा साहेबी आणि बऱ्याच ठिकाणी अपमानकारक आहे, पण कोण कुठे राहायचं आणि काय करायचं ते कळतं. त्यातले सिंधुदुर्गाकडचे तालुके वेगळे काढायला विसरू नका, 1981 पर्यंत जिल्हा एकच होता.

मग प्रत्यक्ष फिरा. वाडीत जाऊन 'तुमची जात काय' असं विचारू नका, 'मूळ गाव कुठलं, आजोबा काय करायचे, घरचा देव कुठला' हे विचारा, नव्वद टक्के उत्तर त्यात येतं आणि समोरचा चहा पण पाजतो. मिरकरवाड्याला सकाळी लवकर जा, लिलाव चालू असतो तेव्हा सगळे एका जागी भेटतात, पण त्या वेळी प्रश्न विचारू नका, नुसतं बघा, प्रश्न लिलाव आटोपल्यावर. शुक्रवारी दुपारी राजिवड्यात जाऊ नका, नमाजाच्या वेळी कुणी मोकळं नसतं. आणि कलमबागेत जायचं तर आधी मालकाला फोन करून जा, एप्रिलमध्ये अनोळखी माणूस बागेत शिरलेला कुणालाच चालत नाही, कुत्री पण सोडलेली असतात.